दुसऱ्या निरीक्षकाचा रकाना

आमच्या कामात शून्य आणि रिकामी चौकट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शून्य म्हणजे कोणीतरी तिथे उभं राहिलं, नीट पाहिलं, पक्षी नव्हता. रिकामी चौकट म्हणजे पाहायला कोणी गेलंच नाही. कामावर नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगते आणि चुकलं की चारचौघांत झापते.

अठरा वर्षं मी आणि नवरा एका डोंगरावर एकच पक्षी मोजत होतो. मुठीएवढा, तपकिरी, दिसायला अगदीच सामान्य. आवाज घड्याळासारखा, म्हणून आम्ही त्याला टिकटिक्या म्हणायचो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत बारा खांब. प्रत्येकावर शर्टाच्या गुंडीएवढं तापमानयंत्र आणि आवाज टिपणारी डबी. हवा तापत गेली तसा टिकटिक्या वर सरकत गेला. पहिल्या वर्षी तो दुसऱ्या खांबापाशी भेटायचा, आता सातव्याच्या खाली औषधालाही सापडत नाही. बाराव्यानंतर डोंगरच संपतो.

मोजणीची पद्धत ठरलेली. दोघांनी पाठीला पाठ लावून दहा मिनिटं उभं राहायचं. बोलायचं नाही, वळायचं नाही, आपापल्या कागदावर लिहायचं. मग दोघांचे आकडे ताडून पाहिले, की दोघांच्याही नजरेतून किती पक्षी सुटले असतील याचा अंदाज काढता येतो. "आमचा संसार एकमेकांकडे पाठ फिरवल्यामुळेच टिकलाय," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. सकाळी बुटाच्या नाड्या बांधताना, एका पायात बूट असताना.

मार्चमध्ये मी एकटीच मोजणीला गेले. परत येऊन आकडे भरायला बसले. माझा रकाना भरला. शेजारी दुसऱ्या निरीक्षकाचा. तो तसाच सोडायला बोट धजेना. रिकामा म्हणजे तो आलाच नाही. मी बाराही चौकटींत शून्य टाकलं. आपण काय करतोय ते मला पुरतं कळत होतं. तरी टाकलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी मला जेवण गेलं.

पुढच्या मोजणीला पाचव्या खांबापाशी पाठीला ऊब लागली. ऊन आलं असेल, म्हटलं. पण ऊन समोरून येत होतं.

घरी येऊन यंत्रांतले आकडे उतरवले. पाचव्या खांबापासून वर प्रत्येक ठिकाणी, बरोबर दहा मिनिटं, तापमान अर्ध्या अंशाने जास्त. एक माणूस जवळ उभा राहिला तर या यंत्रांना फरक पडत नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी तपासलं होतं. दोन माणसं राहिली तर पडतो. अठरा वर्षांच्या आकड्यांत तो अर्ध्या अंशाचा उंचवटा आहे. आम्ही तो दर वेळी वजा करायचो.

मी यंत्रं बदलली. उंचवटा राहिला.

मग डबीतला आवाज ऐकला. पाचोळ्यावर माझे बूट. त्यांच्या मागून आणखी एक जोडी, डावा पाय जरा ओढत. नवऱ्याचा डावा गुडघा कामातून गेलेला होता. मी हेडफोन काढून ठेवले, भांडी घासली, पुन्हा ऐकलं. भीती वाटली. पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. मोजणी महिन्यातून एकदा करायची असते. मी दर आठवड्याला जायला लागले. एकदाही मागे वळले नाही. दर वेळी शून्य टाकलं.

सप्टेंबरात दिराचा फोन आला. आमच्या आकड्यांचं गणित शहरात बसून तोच करतो.

"वहिनी, दुसऱ्या रकान्यात शून्यं कशी?"

"बारीक लक्ष असतं हं तुझं."

"गणित धरून चाललंय की दोघं उभे होते आणि एकाला काहीच दिसलं नाही. म्हणजे पक्षी नुसते लपतायत, आहेत भरपूर, असं उत्तर येतंय. खरं किती आहेत?"

"गेल्या खेपेला चार."

"मग अहवालात शेकड्यांनी दिसले, तर त्या चारांकडे कोण ढुंकून बघणार? रिकामं करा, वहिनी. मलाही करता येईल, पण... दादाचा रकाना आहे. तुम्हीच करा."

दोन दिवस मी कॉम्प्युटर उघडलाच नाही. एकीकडे चार पक्षी, एकीकडे पाठीवरची ती ऊब. तिसऱ्या दिवशी सकाळी शून्यं पुसली. सगळी एकदम पुसता येतात. मी एकेक पुसली. रडू आवरलं नाही.

त्यानंतरच्या मोजणीला पाठ गार होती. पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत.

बाराव्यापाशी दहा मिनिटं संपली आणि मी नियम मोडला. वळले. मागे गवत, गवतापुढे दरी. मी त्याला नावाने हाक मारली, चांगली घसा फोडून. झुडपातला एकुलता एक टिकटिक्या भुर्रकन उडून गेला.

घरी येऊन बाराव्या खांबाची डबी ऐकायला लावली.

पावलं एकाच जोडीची होती. डावा पाय ओढत आलेली.

माझे बूट नव्हते. मधेच मला खोकल्याची उबळ आली होती, ती नव्हती. मी हाक मारली त्या जागी नुसता वारा होता, आणि त्या वाऱ्यात टिकटिक्यांचा थवाच्या थवा बोलत होता.

मग कागदावर पेन्सिल फिरली. लिहिताना पुटपुटायची त्याची खोड होती.

"अकरा," तो पुटपुटला.

पेन्सिल कागदावर दोनदा टकटकली.

"तिच्या रकान्यात किती दिवस शून्य टाकत राहू?" तो म्हणाला. "आता रिकामंच ठेवतो."