मोर्तबाविना कागद

केतकगडाच्या पूर्व बुरुजावर उजाडू लागले, तेव्हा खालच्या पठारावर यासीनखानाच्या छावणीतले चुलींचे धूर सरळ वर चढत होते, आणि पाच महिन्यांच्या वेढ्याने हडकलेले गडकरी तटाला टेकून तो वास नुसता हुंगत उभे होते. कारण गडावर आता नाचणीच्या पेजेखेरीज काही शिजत नव्हते. महाराज भाद्रपदात वारले. गादीला वारस होता तो मैनाबाई राणीसाहेबांच्या पोटात, आणि त्यांना आठवा महिना लागला होता.

त्या सकाळी लिंगोपंत प्रधानांनी आपले मुतालिक गिरमाजी अनंत यांना सदरेवर बोलावले.

मुतालिक म्हणजे प्रधानांचा दुय्यम. बखरींत प्रधानांची नावे येतात, लढाया सरदारांच्या नावावर लागतात. मुतालिकाचे नाव कोणी घेत नाही, आणि मला त्याचा राग येतो. गिरमाजीपंत बावीस वर्षे ती चाकरी करीत होते. मसुदा त्यांनी करायचा आणि प्रधानांनी वाचून दाखवायचा. दरबारात प्रधानांच्या मागे उभे राहून विसरलेले नाव हळूच कानात सांगायचे. आणि कागदाच्या माथ्यावर राजमुद्रा उमटली की शेवटच्या ओळीखाली मोर्तब करायचे. "मोर्तब सूद" एवढीच अक्षरे कोरलेले ते लहानसे चांदीचे मोर्तब त्यांच्या कमरेवरून कधी सुटले नाही. मोर्तब नसलेला कागद हा राज्याचा शब्द नव्हे, हे गडावरच्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

"खान तहाला राजी आहे," लिंगोपंत म्हणाले. "परंतु बोलणी पुरी होईतो आमचा एक मातबर माणूस छावणीत ओलीस हवा. आम्ही तुमचे नाव दिले आहे. तहाची कलमेही तुम्हीच ठरवायची."

गिरमाजीपंतांचे डोळे भरून आले. बावीस वर्षांत प्रथमच कोणाच्या मागे नव्हे, पुढे उभे राहायचे होते. "स्वामींनी विश्वास टाकला. जीव ओतून काम करीन."

"मोर्तब इकडे द्या. अधिकारपत्रावर आज आम्हीच करतो. तुम्ही पोशाख करून या."

मोर्तब परत हाती आले तेव्हा त्याचे तोंड कोरडे होते, शाईचा ओलावा नव्हता. ते बोटांना जाणवले, मनाला नाही. घरी पत्नी भागीरथीबाईंनी हातावर दही घातले आणि म्हणाल्या, "चांगला तह करून या."

खानाच्या डेऱ्यात अधिकारपत्राच्या थैलीची लाख फोडली गेली. मुन्शी करमअलीने माथ्यावरची राजमुद्रा निरखली आणि आपल्याला मोडी येत नसल्याने कागद वाचण्यासाठी परत दिला. गिरमाजीपंत वाचीत वाचीत शेवटच्या ओळीशी आले आणि थांबले. खालची जागा कोरी होती.

लिंगोपंत विसरणारे नव्हते; गिरमाजीपंतांना सारा डाव उमगला. तह व्हायचाच नव्हता. चार दिवस हवे होते, राणीसाहेबांना मागच्या कड्यावरून डोलीने उतरवून आंबेघाटाने कोकणात पोचवण्यासाठी. आणि पुढे गादीने वचन मोडले असा बोल लागू नये म्हणून कागद अपुरा ठेवला होता. राज्याचा शब्द राखला होता, माणूस तेवढा खर्ची घातला होता. गिरमाजीपंतांना फार लागले ते. मरणाचे एवढे नव्हे. आपल्याला सांगितले नाही, याचे.

"थांबलात का, पंत?" खानाने विचारले.

खरे सांगून टाकले असते तर जीव वाचता, वर मानमरातबही मिळता. त्यांनी कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला, "मोर्तब सूद" असे ठणठणीत आवाजात म्हटले आणि कागदाची घडी घातली.

मग चार दिवस त्यांनी खानाला नुसते पिळून काढले. गडकऱ्यांनी हत्यारांसह उतरावे की हत्यारांविना, पालख्या कितव्या दरवाजापर्यंत याव्यात, पायथ्याची आमराई कोणाची.

"आमराईवर दोन प्रहर, पंत?" मुन्शी घाम पुशीत म्हणाला.

"मुन्शीजी, कैऱ्या धरल्या आहेत. अशी बाग कोण सोडतो?"

दुःखाची गोष्ट ही, की कलमे सरस उतरली. हत्यारांसह सन्मानाने वाट देणे खानाने कबूल केले. तह खरा असता तर गिरमाजीपंतांनी तो जन्मभर मिरवला असता.

पाचव्या सकाळी एक स्वार धापा टाकीत डेऱ्यात शिरला. "हुजूर, राणी निसटली! आंबेघाट उतरून कोकणातल्या किल्ल्यात पोचली!"

"सुखरूप?" गिरमाजीपंतांच्या तोंडून निघून गेले आणि हात आपोआप जोडले गेले.

खान त्यांच्याकडे वळला. "तुला ठाऊक होते."

"पहिल्या दिवसापासून." त्यांनी कागद उलगडून कोरी जागा दाखवली. "यावर मोर्तब नाही, खानसाहेब. आमच्या गादीने आपल्याला शब्द दिलाच नव्हता. खोटे बोललो तो मी एकटा."

"तुझ्या धन्याने तुला मरायला पाठवले, आणि तू अजून त्याचीच बाजू मांडतोस?"

गिरमाजीपंतांनी कमरेचे मोर्तब सोडून मुन्शीच्या हाती दिले. "एवढे गडावर पोचते करा. उद्याच्या कागदांना लागेल."

दोन प्रहरी त्यांची गर्दन मारली.

मुन्शी करमअली स्वतः प्रेत घेऊन गडावर आला. मोर्तब त्याच कागदात गुंडाळून त्याने प्रधानांपुढे ठेवले, भरल्या सदरेत चार दिवसांची हकीकत सांगितली आणि पाणीही न घेता तो परत गेला. राणी हाती न लागल्याने महिन्याभरात वेढा उठला. गादीला मुलगा झाला, गडावर तोफा झाल्या.

तेराव्यानंतर लिंगोपंत मानाची वस्त्रे घेऊन भागीरथीबाईंच्या दारी गेले. बाईंनी वस्त्रांना हात लावला नाही.

"त्यांना का सांगितले नाहीत, पंत?"

"वहिनी, गिरमाजींना खोटे बोलता येत नव्हते. तोंडावर दिसले असते."

"चार दिवस बोललेच ना ते?" बाई म्हणाल्या. "का सांगितले असते तर गेले नसते, असे वाटले तुम्हाला?"

लिंगोपंतांनी वस्त्रे उचलली आणि ते पायऱ्या उतरले. पुढे नऊ वर्षे ते प्रधान होते, पण त्यांनी दुसरा मुतालिक नेमला नाही. मोर्तब ते स्वतःच करीत, आणि शेवटच्या ओळीखाली आले की बराच वेळ तसेच बसून राहत.