चाकाच्या आतला रंग

शिरूर ठाण्याच्या आवारात जुन्या ॲम्बेसिडरचं मागचं चाक काढलं आणि हवालदार हौसराव थबकले. चाक ब्रेकच्या ड्रमला टेकतं तिथं, आतून, लालभडक रंग होता.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी वडगाव रासाईच्या वळणावर याच गाडीचं पुढचं चाक निखळलं. गाडी खड्ड्यात गेली, गाडीचे मालक भिमाजी आबा जागीच गेले. गाडी चालवणारा त्यांचा मुलगा सत्यजीत आणि मागं बसलेली त्याची आई तुळजाबाई वाचली. गाव म्हणे, वळणालगतच्या पाण्यात बुडून मेलेली बाई चाकं ओढते. सत्यजीत म्हणे, मेकॅनिक गेणबानं नट ढिले ठेवले. गेणबा कोठडीत होता आणि उद्या त्याला कोर्टात उभं करायचं होतं.

हौसराव भुतांना भीत नव्हते म्हणावं तर तेही खोटं. त्या वळणावर त्यांचीही सायकल पळायची. पण भूत काही रंगकाम करत नाही.

"चाकं कधी बसवलीस?" त्यांनी गजाआडच्या गेणबाला विचारलं.

"गणपतीच्या आधी, सायेब. समोरासमोरचे नट आवळले, दुसऱ्या दिवशी परत बघितले. मग नट ज्यावर बसतो तो स्टड आन् नट, दोन्हीवर मिळून पिवळी रेघ मारली. नट फिरला तर रेघ तुटती."

हौसरावांनी उरलेल्या चाकांच्या टोप्या काढल्या. एकही रेघ जुळत नव्हती. निखळलेल्या चाकाची, स्टड जातात ती भोकं लांबट झाली होती.

दुपारी मायलेक आले.

"गेणबानंतर चाकं कुणी काढली?"

"कुणीच न्हाई," सत्यजीत म्हणाला.

"मग आतून रंग कसा?"

पोराच्या तोंडचं पाणी पळालं. "दसऱ्याच्या पूजेला... आबा म्हनले, आतूनबी लाव. परत म्याच आवळली."

"सायेब, बाईनंच वढलं," तुळजाबाई म्हणाली. "दिवसाढवळ्या चाक गडगडल्यालं ऐकू येतंय मला."

"झटक्यात ओढलं असतं तर भोकं गोल राहिली असती, मावशी. चाक पाच दिवस हलत होतं. चाक आणि ड्रम, लोखंडाला लोखंड टेकावं लागतं. यानं मध्ये जाड ऑइलपेंट ठेवला. गाडी पळाली, रंग दबला, नट सुटत गेले. थोडं चालवून परत पाना लावला असता तर भिमाजी असते. सत्यजीत, गाडी वाजत नव्हती?"

"वाजत व्हती. वळणावर तर लई खडखडली. म्या ब्रेक लावत व्हतो..." त्यानं आईकडं पाहिलं.

तुळजाबाई खाली बसली. "म्या वरडले, हितं थांबू नगंस, बाई हाय. सायेब, त्याचं नगा, माझं नाव लिवा."

हौसरावांनी आधी गेणबाच्या कोठडीचं कुलूप उघडलं. मग कागद ओढला आणि आरोपी म्हणून सत्यजीतचं नाव लिहिलं. तुळजाबाईकडं बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.