दहाच्या आधीचं बोलणं

आमच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चार फूट लांबीची माशांची टाकी आहे. दात दुखणाऱ्या माणसाला मासे बघून बरं वाटतं, असं भाऊजींचं मत. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, दातांचे डॉक्टर. मतं त्यांच्याकडे भरपूर आणि ती ऐकणारी माणसंही आयती. तोंडात कापसाचे बोळे कोंबलेला माणूस उलट बोलणार कसा?

टाकीतले मासे सगळे मिशीवाले. वाळू उकरत फिरणारे सहा बुटके, काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडणारा एक काळा सकर, काटा न् काटा मोजता येईल असे आठ पारदर्शक आणि लाकडाच्या ओंडक्याखाली पोट वर करून पोहणारे तीन उलटे. "सगळे एकाच कुळातले, वहिनी. भांडतील कशाला?" भाऊजी म्हणाले होते. एका कुळातल्या माणसांत नऊ वर्षं काढलेल्या बाईला हे ऐकवायला धारिष्ट लागतं. मग त्यांनी बोट वर केलं. "नियम एकच. तोंडात मावेल असा मासा शेजारी ठेवायचा नाही." एवढं एक वाक्य कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं; ते त्यांनी प्रत्येक पेशंटला ऐकवलं.

मी दाराजवळच्या टेबलावर बसते. नावं लिहून घेते, पाळीपाळीने आत पाठवते. माझा आवाज मुळात बारीक. "ताई, जरा मोठ्याने," हे ऐकायची सवय आहे. गेल्या वर्षापासून तर सकाळी दहापर्यंत मी बोलतच नाही. घंटी वाजवते आणि चिठ्ठीवर लिहिलेलं नाव दाखवते.

कारण माझी मुलगी. घरात तिला मैना म्हणतात. बोलक्या पाखराचं नाव, हौसेनं ठेवलेलं. पाच वर्षांची झाली, पण एक शब्द बोललेली नाही. कान उत्तम, जीभ उत्तम, घसा उत्तम, असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. तिचे वडील दूर नोकरीला, शाळा तिला घेईना, म्हणून ती दिवसभर माझ्याबरोबर दवाखान्यात. तिने एकदा मला 'आई' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. रोज सकाळी दिव्यासमोर हात जोडून मी सांगे, 'देवा, माझं बोलणं घे आणि तिला दे.' मग दहापर्यंत मौन.

भाऊजींना याचं फार हसू येई. "देवाच्या टपालात टाकलंत खरं, वहिनी, पण पत्ता नीट घातलात ना? नाहीतर जायचं भलत्याच घरी." खुर्चीतला पेशंटही हसे. त्याचं तोंड उघडं असेच, हसायला वेगळे कष्ट नव्हते.

एका सोमवारी त्यांनी पिशवीतून नवा मासा आणला. वीतभर लांब, काळपट, कुशीवर पिवळट पट्टा आणि त्या पट्ट्यावर काट्यांची रांग. जाळीतून वर उचलल्याबरोबर तो 'कुर्र' करून ओरडला.

"तुम्ही बोलत नाही ना? आता हा बोलेल. रजाही मागणार नाही," भाऊजी म्हणाले. मग मी भाबडेपणाने काही भलतं समजेन म्हणून लगेच, "काटा खोबणीत घासतो त्याचा आवाज आहे हा. दार करकरतं ना, तसा. चमत्कार-बिमत्कार नाही."

चमत्कार करकरत्या दारासारखा असेल, असं मला कधीच वाटलं नव्हतं. मी मान हलवली.

टाकीच्या तळाशी एक मातीची नळी आहे. मासा तिच्यात शिरला आणि तिथेच राहू लागला. मी घंटी वाजवली की आतून बारीकसा 'कुर्र' येई. योगायोग म्हणावा तर तो आठवडाभर चालला. दहानंतर मात्र एकदाही नाही.

मग मासे जमू लागले. वाळूतले वाळूत, काचेवरचा काचेवर, उलटे लाकडाखाली, अशी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एका सकाळी नऊ वीसला मी पाहिलं, तर सगळे नळीच्या तोंडासमोर होते. उलटे पोहणारे सुलटे झाले होते. सकरने काच सोडली होती. अठराही मासे नळीकडे तोंड करून स्थिर, आणि सगळ्यांची तोंडं एकाच तालात उघडत-मिटत होती. मैना काचेला कपाळ टेकून बसली होती. तिचे ओठही त्याच तालात हलत होते.

"ऑक्सिजन कमी झालाय," म्हणत भाऊजींनी हवेचा पंप वाढवला. दहा वाजता मासे पांगले.

पुढच्या गुरुवारी समोरच्या गल्लीतला शिंपी दाढ दाखवायला आला. दहाला वीस मिनिटं कमी असताना तो एकदम उठला आणि आत गेला. आतून भाऊजींचा आवाज आला, "पाळी कुणाची आहे? घंटी झाली का?"

"ताईंनीच तर बोलावलं," शिंपी म्हणाला.

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'मी बोलले नाही.' भाऊजींनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. "व्रत मोडलं वाटतं! लपवता कशाला? देवालाही डुलकी लागते." शिंपी बिचारा हसला नाही. तो टाकीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ऐकलं. मी दोन्ही ओठ दाताखाली दाबून धरले होते. नळीतून आवाज आला, बारीक, शेवटचं अक्षर जरा लांबवणारा.

"पुढचे कोण आहेत? या."

एक म्हातारे गृहस्थ काठी सावरत उठले आणि आत गेले. 'जरा मोठ्याने' असं कुणीही म्हणालं नाही.

माझा आवाज मला ओळखू येतो. वर्षभर रोज सकाळी मी जे मुलीसाठी देत होते, ते त्या चिखलखाऊ प्राण्याला मिळत होतं. आणि तो त्याचं काय करत होता? पेशंट बोलवत होता! मला भीती वाटायला हवी होती. मला त्याची किळस आली.

त्याच दिवशी दुपारी भाऊजींनी मैनेला टाकीपाशी बसलेलं पाहिलं. पेशंटकडे वळून ते म्हणाले, "मुकी मुक्यांत रमते, झालं. तेवढीच सोबत." मैनेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे कान उत्तम आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

माणूस शिकलेला असला की निर्दयपणालाही विनोद म्हणतात.

दुसऱ्या सकाळी दिव्यासमोर मी शब्द बदलले. 'देवा, माझंच घे असं नाही. ज्याच्याकडे नको इतकं आहे त्याचं घे. आणि माझ्या मुलीला दे, माशाला नको.' पत्ता या वेळी अगदी नीट सांगितला.

त्या दिवशी साडेनऊला शिंपी पुन्हा आला होता. नळीतून हाक आली, पण तो जागचा हलेना. "डॉक्टर, हा मासा बोलतो हो."

"काटा घासतो," भाऊजी म्हणाले. "थांबा, दाखवतोच." त्यांनी बाही वर सारली आणि हात पाण्यात घातला.

मासे बाजूला झाले. दोन्हीकडे रांग करून.

त्यांनी नळीतून मासा ओढून वर काढला. हवेत धरला. तो ओरडला नाही. त्याने फक्त काटा उभारला.

काटा तळव्यात आरपार गेला.

भाऊजींनी मासा पाण्यात सोडला. आमच्याकडे बघून ते हसले, आणि 'काही नाही' म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

"कुर्र."

शिंप्याला वाटलं चेष्टा आहे. भाऊजींनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच.

जखम चार दिवसांत भरली. बोलणं आलं नाही. कान उत्तम, जीभ उत्तम, घसा उत्तम, असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. आता ते पेशंटना खुणेने तोंड उघडायला लावतात. माझी विनंती मी मागे घेऊ शकले असते. घेतली नाही.

आठव्या सकाळी दवाखान्यात कुणीच आलं नव्हतं. मी टेबल पुसत होते.

मैना टाकीपासून उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने ओठ उघडले. पाच वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते होणार, हे मला कळलं. फडकं हातातून पडलं.

आवाज लहान मुलीचा होता. कोवळा, स्वच्छ.

"वहिनी," ती म्हणाली. "पत्ता नीट घातलात ना?"

भिंतीवरच्या घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती. दहापर्यंत माझं बोलणं दिलेलं होतं.

टाकीतल्या नळीतून माझ्याच बारीक आवाजात कुणीतरी हळूच म्हणालं, "बोल, बाळा."

मैना वळली. काचेपाशी गेली. कपाळ टेकून, अगदी स्पष्ट, ती म्हणाली, "आई."