पेद्दमेट्टाचा वाट पाहणारा एक फोन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. सन्यासीराव माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खोटं बोलणारा माणूस नाही.

विशाखापट्टणम. डिसेंबरची दुपार, तीन वाजून वीस मिनिटं.

सन्यासीराव एका इंटरनेट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसतात. कोणत्या टॉवरला किती स्पीड द्यायचा, गर्दी झाली की कोणाला आधी सोडायचं, कोणाला थांबवायचं, हे त्यांच्या हातात.

त्याच्या दोन महिने आधी वादळ आलं होतं. किनाऱ्यावरच्या केबल तुटल्या. उरली एकच बारीक वाट, आणि मागणारे शंभर.

साहेबांचा फोन आला. "हॉटेलातल्या पाहुण्यांची मीटिंग तुटता कामा नये. तिकडे सगळं द्या."

"सर, पेद्दमेट्टा गावातून फोन लावतायत. पाणी शिरलंय म्हणे."

"ती कोळ्यांची वस्ती? महिन्याला किती देतात आपल्याला? टाका शेवटी."

सन्यासीरावांनी टाकलं शेवटी.

मीटिंग नीट पार पडली. पेद्दमेट्टाचा टॉवर चारच्या सुमारास कोसळला. शाळेत आसरा घेतलेली माणसं वाहून गेली. बोट मागवायला कोणाचाच फोन लागला नव्हता.

चौकशीत दोष वादळावर गेला. सन्यासीरावांना उत्तम कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी घरी आणलंच नाही.

त्या डिसेंबरच्या दुपारी ते पडद्याकडे बघत होते, आणि…

पेद्दमेट्टाचा दिवा हिरवा झाला.

एक ग्राहक. रांगेत.

त्यांनी लाइनमन पैडिराजूला फोन लावला. तो त्याच भागात होता.

"सर, चेष्टा करता का? टॉवर कुठाय इथं? लोखंडसुद्धा भंगारवाले घेऊन गेले."

"नीट बघ."

"मी त्याच जागेवर उभा आहे, सर. नुसती वाळू आहे."

आजूबाजूला दहा माणसं काम करत होती. खोलीतला एसी चालू होता, पण त्याची घरघर अचानक ऐकू येईना…

हिरवा दिवा हलला नाही.

सन्यासीरावांनी हात पुढे केला. हॉटेलं, बँका, साहेबांचं घर, सगळ्यांचं काढलं. पेद्दमेट्टाला दिलं. सगळंच.

तक्रारींचा फोन वाजला.

त्यांनी कानाला लावला. आधी पाण्याचा आवाज… मग एक बाई. थकलेली, अदबीनं बोलणारी.

"बाबू, पेद्दमेट्टाहून बोलतेय. आमचा नंबर आला का?"

"आला, अम्मा. बोला. काय पाहिजे?"



ती म्हणाली, "आता कशाला, बाबू."

फोन बंद झाला. दिवा विझला.

साहेब धावत आले. "अकरा मिनिटं अर्धं शहर बंद होतं. कोणाला दिलंत सगळं?"

"पेद्दमेट्टाला."

साहेब दोन पावलं मागे सरले. मग दार लोटून गेले.

नोंदींत त्या ग्राहकाचा मागमूस नाही. अकरा मिनिटांच्या तक्रारी मात्र आहेत. ढिगानं.

सन्यासीराव अजून तिथंच काम करतात. मी एकदा विचारलं, "भावोजी, भीती नाही वाटत?"

ते म्हणाले, "ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर झोप लागली असती रे मला. ती रागावलीच नव्हती."