चौसष्टच्या बफरमध्ये

हे खरं घडलंय. माझ्याच बाबतीत, कुंभकोणममध्ये, गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी. भर दुपारी तीनला.

मी त्रिविक्रम, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या तंजावरी मराठी घरातला. कॉम्प्युटरवर आवाज विनाविलंब पोचावा, यासाठी प्रोग्रॅम लिहितो. ऑपरेटिंग सिस्टिम आवाजाचे तुकडे करून बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवते. तुकडा मोठा असला की आवाज उशिरा येतो. छोटा केला की लगेच येतो, पण प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला तर मधेच 'टक्' होतं.

ते 'टक्' शोधणं हे माझं काम. कानांवर जाड हेडफोन लावून.

ऑगस्टमध्ये मी असाच बसलो होतो. स्वयंपाकघरात वसंताअक्काला दम्याचा झटका आला. मोठी बहीण माझी. घरात आम्ही दोघंच.

सव्वाचारला मी कॉफीसाठी उठलो, तेव्हा ती दारात पडलेली होती, गार.

"हाक मारली असेल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

शेजारच्या अंबुजामामींना तीनच्या सुमाराला भिंतीपलीकडून हाक ऐकू गेली होती. त्यांना वाटलं, मी आहे ना घरात.

ऑफिसने चार दिवस रजा दिली. पाचव्या दिवशी मी पुन्हा हेडफोन लावले.

तर तो मंगळवार. पुण्याची श्रीविद्या कॉलवर माझी चाचणी ऐकत होती. माइक मी काढून ठेवला होता. प्रोग्रॅम फक्त एक सपाट सूर वाजवत होता.

बफर, म्हणजे तुकड्याचा आकार, २५६. स्वच्छ.

१२८. एक 'टक्'.

६४...

टक्. टक्. आणि मधल्या फटीत... श्वास. ओढून घेतलेला.

मी आवाज वाढवला.

"त्रिविक्रम," श्रीविद्या म्हणाली, "घरी कोण आहे?"

"कोणी नाही," मी चॅटवर टाइप केलं.

"अरे, एक बाई हाक मारतायत. तुझ्यासारखंच जुन्या वळणाचं मराठी. खूप धाप लागलीय त्यांना... उत्तर तरी दे!"

मी बफर ३२ वर आणला.

"त्रिविक्रमा... ये की रे..."

हेडफोन फेकून मी स्वयंपाकघरात धावलो. रिकामं. नळही बंद होता.

परत येऊन हेडफोन लावले. हाक चालूच.

"ओ, अक्का! आलो!" मी ओरडलो.

हाक थांबली नाही.

श्रीविद्याने कॉल तोडला. पुढच्या आठवड्यात तिने दुसरं काम मागून घेतलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी मात्र तेच काम करतो. तीन वाजले की बफर खाली आणतो, ओ देतो.

तिच्यापर्यंत माझी ओ अजून पोचलेली नाही.