जहाज थांबत नाही

"अभिनंदन मॅडम! नव्या जोडप्याला आमच्याकडून केक असतो. चॉकलेट चालेल की पायनॅपल?"

आदिनाथ माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. नगरला, सावेडीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या टूर्सच्या छोट्याशा ऑफिसात. मी फक्त बुकिंगचा नंबर सांगितला होता. त्याने कॉम्प्युटरवर नावं वाचली— सुनील आणि पंकजा— आणि तो हसला. हसू छान होतं. पण मला ते त्याच्या चेहऱ्यावरून पुसून टाकावंसं वाटलं.

"बुकिंग रद्द करायचंय," मी म्हणाले. "सुनील गेला."

"गेला म्हणजे..."

"वारला. लग्नाच्या आधीच."

साखर कारखान्यांचा सीझन नुकताच सुरू झाला होता. कोपरगावहून गावाकडे येताना अंधारात रस्त्याच्या मधोमध उसाची एक ट्रॉली बंद पडलेली होती. तिला ना दिवा होता, ना रिफ्लेक्टर. सुनीलची मोटारसायकल थेट तिच्यात घुसली. आमच्या पत्रिका छापून आल्या होत्या. हळदीची साडी माझ्या कपाटात होती. आणि लग्नानंतर मुंबईहून कोचीला जाऊन परत येणाऱ्या क्रूझवर जायचं त्याने गुपचूप ठरवून ठेवलं होतं, ते मला या ऑफिसातून कागदपत्रांसाठी फोन आला तेव्हा कळलं.

आदिनाथचं हसू विझलं. तो उठला, दोन ग्लास पाणी भरलं. एक माझ्यापुढे ठेवलं आणि दुसरं घेऊन बाहेर गेला, कारण बाहेरच्या बाकावर मालनबाई बसल्या होत्या. सुनीलच्या आई. त्यांचे यजमान पूर्वीच वारलेले, आणि सुनील एकुलता एक. मी त्यांना अजून आईच म्हणत होते. दुसरं काय म्हणायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

आई पाणी पिऊन आत आल्या. भिंतीवरच्या नकाशापुढे उभ्या राहिल्या.

"कुटं जानार हुती ही दोगं?"

आदिनाथने बोट मुंबईवर ठेवलं आणि निळ्यातून हळूहळू खाली कोचीपर्यंत नेलं.

"समदं पानीच?"

"हो मावशी. मध्ये पूर्ण एक दिवस नुसतं पाणीच."

आई बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रद करू नका. त्यो जानार हुता तिथं मी जाऊन येते. पंके, तू येतीस का?"

मी नाही म्हणू शकले नाही. खरं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं.

*

सुनीलच्या जागी आईंचं नाव घालायला थोडे दिवस लागले. त्या निमित्ताने आदिनाथचे फोन सुरू झाले. मी कोपरगावात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. दुपारी पेशंट कमी झाले की मी त्याला फोन करायचे. नाहीतर तोच करायचा.

"समुद्र पाहिलाय का कधी?"

"अलिबागला. शाळेच्या सहलीत."

"मग ओळखेल तो तुम्हाला."

मला हसू आलं... आणि लगेच मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. सुनील गेल्यापासून मी हसले नव्हते. त्या दिवशी घरी जाईपर्यंत ते हसू मला बोचत राहिलं.

तो कामाचंच बोलायचा, पण त्याची बोलायची तऱ्हा अशी की ऐकत राहावं. "मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. घाटात गाडी अडकली म्हणून जहाज वाट बघत नाही. मोठ्या बॅगा ते लोक बंदरावरच घेतात आणि खोलीत उशिरा पोचवतात. म्हणून मावशींच्या बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड, चार्जर आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा. ती पिशवी शेवटपर्यंत सोडायची नाही."

"झोपतानाही?"

"झोपताना उशाशी ठेवा. मी काही बघायला येणार नाही."

"येऊ पण नका!"

"...बरं," तो म्हणाला.

खोली त्याने आमच्यासाठी बदलून घेतली. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध. तिथे हेलकावे कमी बसतात म्हणे. मळमळलं तर खोलीत पडून राहू नका, डेकवर या, आल्याचा तुकडा चघळा आणि जिथे पाणी आभाळाला टेकतं तिथे बघत राहा, असं त्याने सांगितलं. किनारा दिसेनासा झाला की फोन फ्लाइट मोडवर टाका, हेही.

"आणि कोचीला उतरल्यावर लांब कुठे जाऊ नका. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा. जहाज जिथे लागलंय त्या गेटचा फोटो काढून ठेवा. परत चढायची जी शेवटची वेळ सांगतील, तिच्या तासभर आधी या. जहाज कुणासाठी थांबत नाही, पंकजा."

त्याने पहिल्यांदाच मला नुसत्या नावाने हाक मारली होती. पण आवाज एकदम उतरला होता.

"तुम्हाला कसं माहीत एवढं?"

मग त्याने सांगितलं. तो मूळचा घोडेगावचा. वडील जनावरांच्या बाजारातले व्यापारी. शिकून हा जहाजावर लागला, परदेशी बोटींवर लोकांच्या खोल्या आवरायचा. एकदा बोट भर समुद्रात असताना घरून फोन आला. वडील गेले होते. पुढचं बंदर कित्येक दिवसांवर होतं.

"मी अंत्यविधी मोबाईलवर पाहिला. रेंज तुटत होती. मध्येच चित्र थांबायचं... बापाचा चेहरा अर्धाच दिसायचा. शेजारी लोक नाचत होते, त्यांची पार्टी होती. उतरलो ते परत गेलो नाही."

मी फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही.

*

जहाजावर पहिल्यांदा खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले.

पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या. मधोमध टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले. फुगे. नव्या जोडप्यासाठीची ती सजावट रद्द करा म्हणून आदिनाथने दोनदा कळवलं होतं, तरी कुणीतरी चुकलं होतं.

आई माझ्या मागे होत्या. मी दार ओढून घ्यायला लागले, तर त्यांनी मला बाजूला सारलं आणि आत गेल्या. एक हंस उचलला, वळवून बघितला, मान धरून हलकेच ओढली. तो सुटला आणि त्याचा टॉवेल झाला.

"पंचाच हाय," त्या म्हणाल्या. दुसराही सोडला. दोन्ही टॉवेलांच्या नीट घड्या घातल्या, पाकळ्या गोळा करून पदरात घेतल्या. पलंगाच्या ज्या बाजूला सुनील झोपला असता त्या बाजूला त्या आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी बाहेर येऊन आदिनाथला फोन लावला. मुंबई अजून दिसत होती.

"तुम्ही म्हणाला होतात सगळं बघतो म्हणून! आईंनी हाताने सोडले ते हंस. हाताने..."

तो सबबी सांगत बसला नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाला. मग, "तुम्ही जेवलात का?"

एवढ्याने मला रडू फुटलं. मी कठड्याला धरून रडले. वाऱ्याने ओढणी उडत होती, डोळ्यांतलं पाणी कानाकडे पळत होतं, आणि पलीकडे तो नुसता फोन धरून होता. रडता रडता माझ्या ध्यानात आलं की मला हा माणूस इथे, या कठड्याशी, शेजारी उभा हवा होता. सुनीलने ठरवलेल्या जहाजावर. मला माझीच किळस आली. मी फोन कापला.

दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी होतं. आई डेकवरच्या खुर्चीत बसून ते बघत राहिल्या. त्यांना मळमळलं नाही, भूक लागली नाही. एकदाच म्हणाल्या, "त्याला लई आवडलं असतं."

*

कोचीला उतरलो. मी गेटचा फोटो काढला, रिक्षा जाऊन-येऊन ठरवली. चिनी जाळी असलेल्या किनाऱ्यावर गेलो. उंच बांबूंवरची ती अवाढव्य जाळी पाण्यात उतरत होती आणि चार मासळ्या घेऊन वर येत होती. आई एका झाडाखालच्या बाकावर बसल्या. वारा खारट होता. ऊन कलायला लागलं तसं मी म्हणाले, "आई, निघू या आता."

"मी न्हाई येत."

"म्हणजे?"

"तू जा. मला आता कुटं जायाचं न्हाई."

मला वाटलं दमल्या असतील. पाणी दिलं, गोळी दिली. रिक्षावाला हाका मारत होता. मी हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"आई, जहाज निघून जाईल!"

"जाऊंदे." त्या पाण्याकडेच बघत होत्या. "त्यानं ठरविल्यालं एवढंच राह्यलं हुतं, पंके. लगीन ऱ्हायलं, घर बांदायचं ऱ्हायलं. हे जहाज तेवढं हुतं. ह्ये परत गेलं की संपलं. मग मी घरी जाऊन काय करू? कुनाची वाट बगू?"

मी त्यांच्या पायाशी बसले. 

"तुला पुडं हाय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मला कळत न्हाई व्हय? फोन आला की तुजा चेहराच बदलतो. कवाधरनं बगतीय मी."

माझी चोरी सापडली होती. त्यांच्या आवाजात माया नव्हती. राग होता.

मी लांब न जाता, त्या नजरेसमोर राहतील अशी उभी राहून आदिनाथला फोन केला. वेळ अगदी थोडा उरला होता. मला वाटलं, तो म्हणेल रिक्षावाल्याची मदत घ्या, उचला, कसंही करून गेट गाठा.



"जाऊ द्या जहाज," तो म्हणाला.

"काय?"

"जाऊ द्या. आपल्याच देशात आहात, काही अडत नाही. पिशवी आहे ना खांद्यावर? गोळ्या, आधार?"

"आहे."

"बस्स. जहाजाला मी कळवतो, बॅगा मुंबईत उतरवून घेतो. मुक्कामाची सोय करून पत्ता पाठवतो. उद्या मनमाडला येणाऱ्या गाडीची तिकिटं काढतो. तुम्ही मावशींना ओढू नका. शेजारी बसा. पाण्यापासून लांब बसा, आणि हात सोडू नका. मनमाडला मी आहे."

मी जाऊन बसले. हात धरला. या वेळी त्यांनी सोडवून घेतला नाही.

मावळतीच्या सुमाराला आमचं जहाज निघालं. बंदरातून बाहेर पडायची वाट त्या किनाऱ्यासमोरूनच होती. पांढरं, पाच-सहा मजली इमारतीसारखं, अगदी जवळून, आवाज न करता ते आमच्यापुढून सरकायला लागलं. डेकवरची माणसं हात हलवत होती. आई उठून उभ्या राहिल्या. माझ्या हातावरची त्यांची पकड घट्ट होत गेली. जहाज जाळ्यांच्या पलीकडे गेलं, लहान झालं, उन्हात दिसेनासं झालं.

"ग्येलं," त्या म्हणाल्या.

आणि सुनीलला तिरडीवर ठेवलं तेव्हाही ज्या रडल्या नव्हत्या, त्या आई बाकाच्या पाठीवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडल्या. जाळीवाले कोळी आमच्याकडे बघत उभे राहिले. त्यांतल्या एकाने आपला चहा आणून बाकावर ठेवला.

*

मनमाडला गाडी थांबली तेव्हा आदिनाथ फलाटावर उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्याने आधी आईंना वाकून नमस्कार केला, मग माझ्या खांद्यावरची ती पिशवी घेतली. आमची बोटं एकमेकांना लागली, आणि दोघांनीही ती जरा उशिरा बाजूला केली.

तो ऑफिसची गाडी घेऊन आला होता. कोपरगावच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या होत्या. प्रत्येक ट्रॉलीमागे तो गाडी हळू करायचा. आईंना त्यांच्या दारात सोडलं. त्या आत गेल्या आणि वळून बघितलं नाही. गाडीत आम्ही दोघंच उरलो.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," समोर रस्त्याकडे बघत तो म्हणाला. "आजचा दिवस नाही हे बोलायचा. पण थांबलो तर... मला थांबायची भीती वाटते, पंकजा."

"मी सुनीलला विसरणार नाही."

"विसरा असं मी कधी म्हटलं?"

"आई मला माफ करणार नाहीत."

"नसतील करत," तो म्हणाला. खोटा धीर त्याने कधीच दिला नाही. त्याच्यावर माझा जीव जडला तो त्यामुळेच असावा.

मी त्याच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. एवढंच उत्तर दिलं.

आईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. "कर लगीन," म्हणाल्या. "पर त्याला माज्या दारात आनू नको. मला बगवायचं न्हाई. सुनीलच्या जागी उबा राह्यलेला मानूस मला बगवायचा न्हाई."

आम्ही नगरला रजिस्टर लग्न केलं. आई आल्या नाहीत.

मी मात्र दर रविवारी त्यांच्याकडे जात राहिले. गोळ्या द्यायच्या, बीपी बघायचं, जमलं तर डोकं विंचरून द्यायचं. आदिनाथ मला मोटारसायकलवर आणायचा आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबायचा, बाभळीच्या अपुऱ्या सावलीत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, तो एकदाही गल्लीत शिरला नाही, आणि आईंनी त्याचं नावही काढलं नाही. परत जाताना मी म्हणायचे, "तू उगाच येतोस. मी एसटीने येईन." तो म्हणायचा, "बस मागे."

पुन्हा सीझन लागला. सुनीलला वर्ष झालं. वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी मी आईंचे पाय चेपत होते. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"त्या पोराचा बाप कवा ग्येला?"

मी दचकले; त्याला वडील नाहीत एवढंच मी कधीतरी बोलून गेले होते. "झाली चार-पाच वर्षं. तो तेव्हा जहाजावर होता. त्याला येता आलं नाही."

"माती द्यायलाबी?"

"नाही."

त्या उठल्या. चुलीपुढे गेल्या, चहा टाकला. दोन कपांत गाळला. एक कप माझ्यापुढे सरकवला. दुसरा बशीने झाकला, पदराने धरला आणि चपला न घालताच दाराबाहेर पडल्या. मी दारातून बघत राहिले. गल्लीभर त्या सावकाश, चहा सांडू न देता चालत गेल्या. आदिनाथ त्यांना येताना पाहून गडबडीने उभा राहिला. त्यांनी कप त्याच्या हातात दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत तिथेच, उन्हात, त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या.