दोष पायाचा नव्हता

देवगाव फाट्यावर माझी गाडी एका मोटारसायकलपासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. मोटारसायकलवाल्याने हेल्मेट काढलं, माझ्याकडे नाही तर बॉनेटकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी आजारी हाय."

मी भांडायच्या तयारीतच काच खाली केली होती. "गाडी नाही हो, माझा पाय आजारी आहे. सगळे तेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

सगळे म्हणजे माझे बाबा दत्तोपंत, सेलूचे निवृत्त गणिताचे मास्तर. माझी आई. आणि विवेक. विवेकचं परभणीत गाड्या सजवायचं आणि ट्यूनिंगचं दुकान होतं. त्याच्याशी माझा साखरपुडा ठरला होता. माझी छोटी टर्बो गाडी तो लाडाने घेऊन गेला, तिला लॅपटॉप जोडला आणि "आता बघ कशी पळते" म्हणून परत केली. तेव्हापासून जिंतूरला कॉलेजात शिकवायला जाताना ती मला रोज दगा द्यायची. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की आधी काहीच नाही... आणि मग उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी उडी. विवेकला सांगितलं की तो हसायचा. "टर्बो बायकांच्या पायाला झेपत नाही गं, योगिनी."

मागे कापसाचे ट्रॅक्टर खोळंबले होते. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि का कोण जाणे, त्या अनोळखी माणसाला हे सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "कधी होतं असं? चढावर, का एसी लावल्यावर?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

"तिसऱ्या गिअरात, अर्ध्याहून जास्त दाबलं की," मी म्हणाले. "आधी पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मग दम जातो. मग उडी. दुपारच्या उन्हात जास्त."

तो हसला. डोळ्यांनी आधी, ओठांनी नंतर. "अर्धं काम तर तुमीच करून ठेवलंय."

त्याचं नाव सिद्धोधन. पुण्याला इंजिनांच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सुट्टी घेऊन सेलूला आला होता.

गाडी तपासून देतो म्हणाला होता, म्हणून रविवारी तो लॅपटॉप आणि एक वायर घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसला. जिंतूर रोडला दोन्ही बाजूंनी हरभरा डोलत होता.

"आता हळूच दाबा."

"हळूच म्हणजे किती?"

"नवी चप्पल घालून ओल्या अंगणात पाय टाकता ना... तितकं."

"तुमच्या प्रयोगशाळेत असंच मोजतात?"

"तिथं शेजारी कुणी बसत न्हाई. म्हणून आकड्यात मोजावं लागतं."

मी समोर रस्त्याकडे बघत राहिले. कान मात्र तापले होते.

थोड्या वेळाने त्याचं हसू मावळलं. त्याने गाडी थांबवायला लावली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलबी वाढवावं लागतं. त्यानंच आतली आग आटोक्यात राहते. इथं गाडीच्या कॉम्प्युटरात तेच कापलंय. मग इंजिन खडखडतं, कॉम्प्युटर घाबरून ताकद मागं घेतो. तुमी अजून दाबता. आणि पायाचा इशारा इतका तिखट करून ठेवलाय, की इंजिन सावरलं की गाडी उडीच मारते." त्याने लॅपटॉप मिटला. "ही चूक न्हाई. मुद्दाम केलेलं हाय. पिस्टन वितळला असता, योगिनी मॅडम. न्हाईतर तुमी कुण्या ट्रॅक्टरखाली..."

मी गाडी वळवली.

"कुठं निघालाव?"

"परभणीला. तुम्ही गाडीतच बसा. भांडण माझं आहे."

विवेकच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर विचारलं. त्याला लाजही वाटली नाही. "थोडं पेट्रोल कमी केलं की ॲव्हरेज वाढतं. सगळ्यांच्याच गाड्यांत करतो. कुणाला कळतं?"

"मला कळलं. पहिल्या दिवसापासून सांगत होते तुला."

"तुला नाही, त्या गाडीत बसलेल्याला कळलं." त्याने काचेतून बाहेर पाहिलं. "कोण आहे तो? आडनाव काय त्याचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी फाट्यावर मेले असते, विवेक. आणि तू आडनाव विचारतोस? गाडीच्या कॉम्प्युटरात कंपनीची मूळ फाइल परत टाक. आत्ता, माझ्यासमोर. आणि साखरपुडा होणार नाही, हे मी घरी सांगते."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. एकाने खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि विवेकसमोर काउंटरवर ठेवली. "माझीबी मूळ फाइल टाका."

घरी वादळ झालं. आई रडली, बाबांनी बोलणं सोडलं. मग एका सकाळी बाबा न सांगता गाडीत येऊन बसले. फाट्याजवळ एका ट्रॅक्टरला ओलांडताना मी पाय दाबला. गाडी सायीसारखी सरकली. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मास्तर असून मी उदाहरण न वाचताच उत्तर दिलं गं. दोष तुझा नव्हता."

त्या आठवड्यात सिद्धोधनची सुट्टी संपली. मी त्याला सेलू स्टेशनवर गाठलं.

"गाडी बरी झाली," तो बॅगेचा पट्टा चाळवत म्हणाला. "आता यायला निमित्त न्हाई."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. "निमित्त लागतं तुम्हाला? इंजिनाला काय हवंय ते आवाजावरून ओळखता. आणि शेजारी बसलेल्या माणसाचं... काहीच ऐकू आलं नाही?"

"आलं होतं," तो खूप हळू म्हणाला. "पहिल्याच दिवशी. पण तुमचं लग्न ठरलेलं होतं. ते मोडल्यावर वाटलं, आता बोललो तर लोक म्हणतील, यानंच मोडलं. त्याचा बट्टा तुमाला लागला असता."

"ते मी मोडलं. माझ्या रागाने. त्याचं श्रेय मी कुणालाही देणार नाही."

तो हसला. डोळ्यांनी आधी, मग सगळ्या चेहऱ्याने. "मला तू आवडतेस, योगिनी. रागासकट. आईला सांगून झालंय. पुढच्या सुट्टीत तुझ्या बाबांना भेटायला येतो."

"पुढच्या सुट्टीत कशाला? बाबा बाहेर गाडीत बसलेत. मीच आणलंय त्यांना."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. रेल्वेला अजून वेळ होता. त्याने शर्टाची कॉलर नीट केली, बॅग उचलली आणि माझ्याही पुढे चालू लागला.